संतरामानं वाटलेली पानं

पुसेगावच्या संतरामाचे डोळे देवीच्या साथीत गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताप उतरला, अंगावरच्या खपल्या पडल्या आणि लेकरानं आईला विचारलं, "माय, अजून उजाडलं न्हाई का?" त्या माउलीनं पुढं दहा वर्षं त्याला हाताला धरून गाव दाखवलं. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत किती पावलं, ओढ्याकडं उतार कुठं लागतो, कोणाचं कुत्रं अंगावर येतं, हे सगळं त्याच्या पायांना शिकवलं आणि मग ती गेली. वडील आधीच गेले होते. मागं राहिले थोरला भाऊ ग्यानबा, त्याची बायको गोजरबाई आणि हा आंधळा.

गोजरबाई तोंडानं वाईट नव्हती. ती दिराला कधी टाकून बोलली नाही. पण भाकरी ताटात ठेवली जाते आणि भाकरी ताटात पडते, यातला फरक आंधळ्या माणसाला न सांगता कळतो. संतराम अंबाडीचे दोर वळायचा, एकादशीला मारुतीच्या देवळात भजन म्हणायचा, गळ्यात तुळशीची माळ होती. तिशी आली तरी गावात त्याला कोणी कशासाठी बोलावलं नव्हतं.

त्या काळी गावात रामकिशन म्हणून मोठा जमीनदार होता. ओढ्याच्या कडेला त्याची आमराई होती. खळी उरकली, हाताला काम उरलं नाही की दुपारच्या भाकरीनंतर तिथं सतरंजी पडायची आणि तीन-तीन पानांचा डाव मांडला जायचा. आपल्याकडं त्याला तिर्रट म्हणतात. तीन पानं सारखी आली की त्याच्यावर काही नाही. त्याच्या खालोखाल एका रंगाची ओळीनं लागलेली, मग नुसती ओळ, मग नुसता एक रंग, मग जोडी. पानं न बघता पैसा टाकायचा, बघून दुप्पट टाकायचा, आणि भ्याला त्यानं पानं पालथी टाकून गप बसायचं. खेळ एवढाच. पण भांडणाशिवाय एक दिवस जात नव्हता. सगळा वाद वाटणाऱ्यावरून. ह्यानं तळाचं पान दिलं, त्यानं पिसताना एक्का वर ठेवला. एका उन्हाळ्यात एकाचं मनगट मोडलं, एकाचं डोकं फुटलं, तेव्हा रामकिशन देवळात आला.

"संतराम, चाल माझ्यासंगं. बसल्या जागचं काम हाय."

"दोर वळायचा का मालक?"

"पत्ते वाटायचे."

"आंधळ्याची थट्टा करून राहिले का?"

"थट्टा कशाची? डोळे असलेले समदे चोर निघाले. तुला एक्का दिसत न्हाई, दुर्री दिसत न्हाई. तुझ्या हातानं वाटले तर भांडाया जागाच कुठं ऱ्हायली?"

संतरामानं माळेवर हात ठेवला. म्हणाला, "म्या खेळनार न्हाई. पैसा लावनार न्हाई. फकस्त वाटीन."

"आरं, त्येच तर पाहिजे आमाला."

असा तो सतरंजीवर बसला. आणि गंमत बघा, आमराईतलं भांडण खरंच मिटलं. आंधळ्याचा हात, त्याच्यावर काय बोलणार? उजव्या हाताला फारुक पिंजारी बसायचा. संतरामानं पिसायचं, फारुकनं मधोमध काटायचं, मग वाटप. फारुक स्वतः पैशा-दोन पैशांचा खेळणारा, गोड माणूस. हिंगोलीला कापसाच्या कामानं जायचा-यायचा, महिन्या-दीड महिन्याला पत्त्यांचा नवा जोड तोच आणायचा आणि डाव उठला की धडप्यात बांधून तोच घरी न्यायचा. रामकिशनाकडं जोड ठेवायला बाकीचे कबूल नव्हते, बाकीच्यांकडं ठेवायला रामकिशन.

दिवसअखेर जिंकणाऱ्यानं संतरामाच्या हातावर दुआन्नी ठेवायची, असा नेम पडला. ती दुआन्नी वहिनीच्या हातात गेली आणि ताटातली भाकरी पडायची थांबली. लोक त्याला संतरामबुवा म्हणायला लागले. दोन भावांत वावराची वाटणी निघाली तर चिठ्ठी उचलायला संतराम. पाटाच्या पाण्याची पाळी ठरवायची तर संतराम. आंधळ्याच्या हातात देव असतो, असं बायका म्हणायच्या. संतरामालाही तसंच वाटायला लागलं होतं. मी जुगार खेळत नाही, मी भांडण मिटवतो, असं तो देवापुढं बसून देवाला सांगायचा. देवानं कधी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

कानांनी तो माणसं शिकला. रामकिशनाची पानं चांगली असली की तो पान खायचा थांबतो. फारुक हरताना जास्त हसतो. आणि त्याचा भाऊ ग्यानबा कधी उठतच नाही. जिंकला तरी नाही, हरला तरी नाही. "पुढल्या डावात बघ" हे त्याचं बोलणं. नशीब म्हणजे आपल्याकडं यायला निघालेला, वाटेत कुठंतरी थांबलेला पाहुणा आहे, अशी ग्यानबाची समजूत होती, आणि त्याची वाट बघत तो दिवेलागणीपर्यंत बसायचा.

"दादा, आता उठावं की," संतराम हळूच म्हणायचा.

"तू वाट रे. तुला काय दिसतं?"

संतरामानं एकंदर सहा वर्षं पत्ते वाटले, त्यातली पहिली चार-पाच अशी गेली. मग जर्मनीशी चाललेल्या लढाईचा जोर वाढला. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि हिंगोलीत पत्त्यांचा नवा जोडही मिळेना. फारुक दरवेळी रिकाम्या हातानं परत यायचा. "अब क्या करू भाऊ, बंबईचा मालच येऊन नाही राहिला." मग आहे तोच जोड चालला. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष उलटलं. पानं मऊ पडली, घामानं फुगली, कडा चुरल्या.

आणि एका दुपारी वाटता वाटता संतरामाच्या बोटाखाली एक पान आलं आणि बोटांनी सांगितलं, हे कालचंच. ह्याच्या कोपऱ्याला दात लागल्यासारखी खूण आहे. ते पान ग्यानबाला गेलं. डाव उघडला तेव्हा ग्यानबा ओरडला, "चौकटचा बादशा!" दुसऱ्या दिवशी तेच पान रामकिशनाला गेलं. रामकिशन म्हणाला, "चौकटचा बादशा."

हातानं दोर वळणारा माणूस तो. धाग्यातली गाठ त्याला कातडीनं कळायची. दोन महिन्यांत दहा पानं ओळखीची झाली, चार महिन्यांत तीस. चौकटची नव्वी मधे दुमडलेली, किलवरची राणी एका बाजूनं खरबरीत, इस्पिकच्या एक्क्यावर तेलाचा डाग, तो बोटाला गुळगुळीत लागायचा. पुढं पुढं बहुतेक सगळा जोड त्याच्या हाताला पाठ झाला.

त्या दिवशीच त्यानं सांगायला पाहिजे होतं. त्यालाही ते कळत होतं. पण सांगितलं की सतरंजीवरून उठावं लागणार. दुआन्नी जाणार, बुवा जाणार, भाकरी पुन्हा ताटात पडायला लागणार. आणि दुसरंही एक होतं, ते तो देवापुढंही बोलला नाही. चार वर्षांचा असल्यापासून दुनियेला दिसायचं आणि त्याला दिसत नव्हतं. आता डोळे असलेले चौघं पालथ्या पानांकडं बघत बसायचे आणि कोणाकडं काय आहे ते त्या सगळ्यांत एकट्या संतरामाला ठाऊक असायचं. रामकिशन छातीठोकपणे पैसा टाकतो आणि त्याच्या हातात नुसता कचरा आहे, हे कळून तो मनात हसायचा. ते सुख त्याला सोडवेना. पण त्यानं कोणाचं पान इकडंतिकडं केलं नाही. बोटाला जे आलं ते दिलं. सात महिने दिलं.

मग फाल्गुन आला. होळीच्या अलीकडची दुपार. ग्यानबा सकाळपासून हरत होता. जवळचे पैसे संपले, हातातलं कडं गेलं. मग सतरंजीवर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जड, पण मऊ. संतरामानं वास घेतला. दोर त्यानं स्वतः वळलेला होता. तो त्यांच्या उजव्या बैलाचा कासरा होता. आमराईत जनावर लावायचं तर त्याचा कासरा मधे टाकायची रीत होती.

"दादा!"

"तू वाट."

"दादा, तो वहिनीच्या भावानं दिलेला बैल हाय."

"बैल कोनाचा हाय त्ये मला सांगू नको. वाट म्हनलं ना!"

रामकिशन हसून म्हणाला, "वाट बुवा. तुझा भाऊ मोठा मर्द हाय."

संतरामानं पिसलं, फारुकनं काटलं. डावात फारुक, रामकिशन आणि ग्यानबा, तिघंच उरले होते. पहिली फेरी झाली, ग्यानबाला बादशा गेला. दुसरी झाली, पुन्हा बादशा. तिसऱ्या फेरीत फारुकचं पान टाकलं आणि अंगठ्याखाली तो दात लागलेला कोपरा आला. चौकटचा बादशा. पाळी रामकिशनाची होती, आणि त्याच्याकडं आधीच चौकटची सत्ती आणि अठ्ठी होती; हा बादशा गेला तर त्याचा रंग होणार आणि भावाची जोडी हरणार.

त्यानं ते पान अंगठ्यानं दाबून धरलं आणि त्याच्या खालचं रामकिशनाकडं सरकवलं. मग बादशा भावाला दिला.

एवढंच. एक पान. सहा वर्षांत एकदा.

पण खालून जे पान गेलं ती होती चौकटची नव्वी, आणि रामकिशनाची सत्ती-अठ्ठी-नव्वी एका रंगाची ओळ लागली. संतरामाला वाटलं होतं, बैल तेवढा सुटेल आणि डाव मोडेल. रामकिशनानं पान चघळायचं थांबवलं. फारुकनं पानं टाकून दिली. ते दोघं मात्र एकमेकांवर चढत गेले. शेवटी रामकिशनानं आपल्या घोडीचा लगाम मागवून कासऱ्यावर टाकला. डाव उघडला. तीन बादशा.

मग ग्यानबा लहान पोरासारखा ओरडत उठला.

"बस खाली," रामकिशन म्हणाला. आवाज शांत होता. "माझ्या हाती सत्ती-अठ्ठी-नव्वी आन् त्याच डावात ह्याच्या हाती तीन बादशा. पन्नास वर्षांत असं बघितलं न्हाई म्या. कोन्हीतरी पानं लावली."

"नशिबानं आले! माझं बी नशीब असतंय की!" ग्यानबा म्हणाला.

"तुला पानं लावायची अक्कल असती तर तू कासऱ्यावर आला असता का? आंधळ्याला दिसत न्हाई. मंग ऱ्हायलं कोन? काटलं कोनी? जोड रातभर कोनाच्या घरी असतो?"

फारुक हसला. त्याला खरंच ती मस्करी वाटली असावी. मग हसू थांबलं. "मालक, चौदा महिने झाले, मी एक रुपया जिंकला नाही. मी काहून लावू?"

"ग्यानबासंगं अर्धी घोडी वाटून घ्यायला."

"तोबा तोबा! संतरामभाऊ, तुमी सांगा. पानं तुमच्या हातात होती. मी काटलं तेव्हा काही गैर वाटलं का? बोला की. तुमच्या शब्दापुढं इथं कोणी जात नाही."

संतरामाच्या हातात उरलेला जोड होता. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळलेली त्याला जाणवली. त्याला म्हणता आलं असतं, फारुकचा दोष नाही. मग लगेच पुढचा प्रश्न आला असता.

"मला काय दिसतं, फारुकभाई?" तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच ते त्याला पुढं आयुष्यभर पचलं नाही.

त्या दिवशी फारुकला मारलं. त्याच्या घरापुढं जाऊन पिंजायची मोठी धनुकली तोडली, तिच्या तातेचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, तुकडे केले. डाव रद्द झाला. ज्याचा बैल त्याच्याकडं, ज्याची घोडी त्याच्याकडं. ग्यानबा आठ दिवस घोडीसाठी हळहळला. गोजरबाईनं बैलाला ओवाळलं आणि देवापुढं नारळ फोडला. फारुक आणि त्याची बायको शरीफा बिऱ्हाड गाडीत टाकून कळमनुरीला निघून गेले. संतराम सतरंजीवर तसाच राहिला. दुआन्नी तशीच येत राहिली.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली, गाद्या-रजया पिंजायचे दिवस आले. एका दुपारी संतराम देवळाच्या पायरीवर दोर वळत बसला होता, तेव्हा बांगड्यांचा ओळखीचा आवाज आला.

"कोन? शरीफाबी?"

"व्हय भाऊ." ती खाली बसली. दम लागला होता. "म्या काही मागाया न्हाई आले. भांडाया बी न्हाई आले."

"बोला."

"आमाला कोन्ही काम देऊन न्हाई राहिलं. कळमनुरीला न्हाई, आसपासच्या खेड्यांत न्हाई. आमच्या आधी आमचं नाव पोचतंय. लोक म्हनतेत, पत्त्यात हात मारनारा कापसात बी मारंल. चांगला कापूस काढून घील अन् रद्दी भरंल. पिंजाऱ्याच्या हातात लोक घरचा कापूस देतेत भाऊ. इस्वास न्हाई तर धंदा न्हाई. ह्यांनी जेवन सोडलंय. बोलत न्हाईत, भिंतीकडं तोंड करून बसतेत."

संतरामाचा दोर हातातच राहिला.

"तुमी देवाचं नाव घेता," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी पारावर चार मान्सांत येवढंच म्हना, फारुकनं काटलं तवा काही गैर झालं न्हाई. येक बोल. तुमचा बोल गावोगाव जाईल. जास्त काही नको."

"म्हनतो," संतराम म्हणाला. "सोमवारी या."

रविवारी त्यानं वहिनीला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं होती. ऐकून बराच वेळ तिनं जाळ पुढं सारला नाही.

"म्हंजे रामकिशन म्हनंल, डाव माझा व्हता. बैल मागंल."

"मागंल."

"मंग सांगू नका, भावजी."

"वहिनी, त्या मान्साचा काय दोष?"

"दोष न्हाई. म्या कवा म्हनलं दोष हाय? म्या दोन पायल्या जवारी त्यांच्या घरी धाडते. दर महिन्याला धाडीन. पर माझ्या भावाचा बैल घालवू नका. वावर काय माझ्या खांद्यावर जू ठेवून नांगरायचं का?" ती रडत नव्हती. "आन् त्या बाईनं येकच बोल मागितला ना? तेवढाच बोला. बाकीचं देवाला सांगा. देव ऐकतो, त्याला बैल लागत न्हाई."

संतराम त्या रात्री पहाटेपर्यंत तळमळला. एक वाक्य बोलून भागत होतं. पण सात-आठ महिने जे छातीवर घेऊन तो भजन म्हणत होता, ते त्याला आता एक दिवसही सोसवत नव्हतं. अर्धं सांगितलं तर अर्धं छातीवर तसंच राहणार होतं.

सोमवारी बाजार भरला. पारावर रामकिशन बसला होता, आमराईतले इतरही होते. संतराम काठी टेकत आला, देवाला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "मला पत्त्यांचा जोड द्या."

"दिसा-उजेडी देवापुढं? बुवाला चटक लागली," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. आमराईतला तोच जुना जोड आणून दिला.

त्यानं पहिलं पान उचललं, बोटं फिरवली. "किलवरची राणी." उलटं केलं. किलवरची राणी.

"चौकटची नव्वी. इस्पिकचा एक्का. बदामाची दुर्री."

आधी लोक वा वा करत होते. एक म्हणाला, "आरं, पानांकडं पाठ करून बसव त्याला," आणि दुसरा म्हणाला, "आंधळ्याला काय पाठ अन् काय पोट!" वीस पानं झाली तशी मस्करी थांबली. बावन्न पानांत तो तीन चुकला. शेवटचं पान ठेवलं तेव्हा बाजारातली माणसं पाराभोवती गोळा झाली होती.

मग त्यानं सांगितलं. नवा जोड मिळेना म्हणून हे शिकलो, सात महिने गप बसलो, त्या दिवशी कासरा पडला आणि एक पान दाबलं. "फारुकनं काही केलं न्हाई. पाप माझं हाय. त्या गरिबाचं नाव पुसून काढा."

रामकिशनानं एक पान उचलून उलटसुलट करून बघितलं. मग विचारलं, "किती वर्सं वाटले रे तू?"

"सहा. पर म्या येकदाच..."

"सहा वर्सं," रामकिशन सगळ्यांकडं वळून म्हणाला.

तेवढं पुरलं. मागून एक जण म्हणाला, "माझी म्हैस गेली ती मंग अशी गेली!" संतराम म्हणाला, "बाबा, तवा नवा जोड व्हता, महिन्याला बदलायचा, मला येक पान वळखू येत नव्हतं." कोणी ऐकलं नाही. दुसऱ्याला बायकोची पुतळ्यांची माळ आठवली, तिसऱ्याला ओढ्याकाठचा तुकडा. आमराईत सहा वर्षांत जो जो हरला होता, त्याला आपल्या हरण्याचं कारण सापडलं. आपल्या हातानं घालवलं, हे घरी बायकोला सांगायला जड जात होतं. आंधळ्यानं लुटलं हे सांगायला सोपं होतं. ज्यांच्या वावराच्या चिठ्ठ्या त्यानं काढल्या होत्या ते भाऊ पुढं सरसावले. त्या चिठ्ठ्याही खोट्या होत्या, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

"आन् फारुक?" शेवटी कोणीतरी विचारलं.

रामकिशन म्हणाला, "फारुकचं काय? जोड त्यानं संभाळायचा, खुना त्यानं करायच्या, आंधळ्यानं वाचायच्या, भावानं जिंकायचं. तिघांचा धंदा व्हता. आता उलगडा झाला."

"न्हाई! न्हाई वो मालक, आईच्यान न्हाई!" संतराम ओरडला. माळ हातात धरून ओरडला. पण त्याच्या शब्दाला वजन होतं ते त्याच्या आंधळेपणामुळं, आणि ते तर त्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं मोडून दाखवलं होतं.

गर्दीच्या कडेला बांगड्या वाजल्या आणि लांब जात गेल्या. शरीफा परत निघाली होती.

त्याच दुपारी रामकिशनाची माणसं बैल घेऊन गेली. गोजरबाईनं कासरा धरून ठेवला होता, तो बोटं उकलून सोडवावा लागला. ग्यानबा दारात उभा राहिला. "आता ह्या घरात येऊ नको," म्हणाला. "तुझ्यापायी गावानं मला चोर म्हनलं." आणि जो माणूस दहा वर्षं "पुढल्या डावात" म्हणत आला होता, त्यानं वर हेही ऐकवलं, "तू वाटत नसतास तर म्या कवाच जिंकलो असतो."

चार दिवस संतरामानं देवळाच्या ओट्यावर काढले. पाचव्या दिवशी एका गाडीवानाला विनवून तो कळमनुरीला गेला. पिंजाऱ्याचं घर विचारत विचारत पोचला. आत कोणी कापूस पिंजत नव्हतं. ते घर शांत होतं.

"फारुकभाई, म्या संतराम."

"बसा," आतून आवाज आला.

"म्या समदं सांगितलं. पारावर, देवापुढं. काहीच लपवलं न्हाई. पर त्यांनी..."

"ऐकलं मी. शरीफानं सांगितलं. काल पोत्रा गावचा एक माणूस येऊन गेला, त्यानं पण सांगितलं. तिथं पण पोचलं. आता मी एकटा चोर नाही, टोळीवाला झालो."

"मला माफ करा."

फारुक भिंतीकडून तोंड वळवून बसला. मग हळू, अगदी न चिडता म्हणाला, "भाऊ, हिनं तुमच्याकडं एक बोल मागितला होता. तेवढा दिला असता तर मला काम मिळालं असतं. तुमी तेवढा दिला नाही. तुमी सगळं दिलं. ते माझ्यासाठी नव्हतं. तुमच्या छातीवर ओझं होतं, ते तुमी पारावर नेऊन उतरवलं, अन् ते माझ्या घरावर पडलं. हे खोटं हाय का?"

संतरामानं मान खाली घातली.

"माफीचं मी काही म्हणत नाही. आज म्हटलं तर ते खोटं होईल. लांबून आलात, जेवून जा."

शरीफानं भाकरी वाढली. ताटात ठेवली की टाकली ते संतरामाला त्या दिवशी ओळखू आलं नाही. त्यानं खाल्ली. मग फारुकनं त्याला हाताला धरून रस्त्यावर आणलं आणि औंढ्याकडं जाणाऱ्या एका गाडीत बसवून दिलं.

औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर संतराम पाच वर्षं बसला. दोर वळायचा, कोणी दिलं तर खायचा. भजन म्हणायचा, पण मारुतीच्या देवळात म्हणायचा तसं उघड्या गळ्यानं नाही. पुसेगावात आमराईतला डाव चालूच राहिला. आता ज्यानं त्यानं पाळीपाळीनं वाटायचं ठरलं होतं आणि पुन्हा रोज डोकी फुटत होती. ग्यानबा एका बैलावर वाटेकरी शेती करत होता आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसत होता. गोजरबाई एकदा शिवरात्रीला येऊन दिराला बघून गेली. पायरीवर एक भाकरी ठेवली, "बरे हाय ना तुमी?" म्हणाली, आणि उत्तराला थांबली नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. त्या पडझडीत कुठं कोणाची घरं लुटली, कुठं कोण रातोरात उठून गेलं, अशा बातम्या देवळापुढं रोज यायच्या. गर्दी ओसरल्यावर कळमनुरीकडचं कोणी आलं की संतराम विचारायचा, "तिथं फारुक पिंजारी म्हनून व्हता. हाय का अजून?"

एक म्हणाला, गेला. कुठं ते ठाऊक नाही. दुसरा म्हणाला, घराला कडी आहे. तिसऱ्यानं विचारलं, "त्यो पत्त्यातला चोर का?"

"चोर न्हाई," संतराम म्हणाला. "चोर म्या व्हतो. त्यो न्हाई."

तो माणूस हसला. आंधळ्याला भ्रम झाला असेल असं त्याला वाटलं. त्यानं पायरीवर एक पैसा ठेवला आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.